बारीक अक्षरें

ज्या मनुष्यानें आयुष्याचीं तीस वर्षें दुसऱ्यांना वाचावयास शिकविण्याच्या उद्योगांत घालविलीं, त्याला घरांतील औषधाच्या पाकिटावरचा मजकूर कधीं वाचावासा वाटला नाहीं, हें सांगतांना आम्हांला संकोच वाटतो. एखाद्या कवितेंतील स्वल्पविराम मुद्रकानें भलत्या ठिकाणीं टाकला, तर त्यावर वर्गांत अर्धा तास बोलण्याची आमची तयारी असते. पुस्तकाची आवृत्ति कोणती, प्रकाशनाचें वर्ष कोणतें, संपादकानें मूळ पाठांत ढवळाढवळ केली आहे काय, याची चौकशी केल्यावांचून आम्ही विद्यार्थ्यांच्या हातीं पुस्तक देत नाहीं. पण जी गोळी घरांतलें माणूस रोज सकाळीं पाण्याच्या घोटाबरोबर गिळतें, तिची ‘आवृत्ति’ कोणती, ती कोणीं व कोठें काढली, हें पाहण्याची बुद्धि आम्हांला पन्नाशी उलटेपर्यंत झाली नाहीं. ती ज्या प्रसंगानें झाली तो प्रसंग तसा घरगुती आहे. परंतु अशा घरगुती प्रसंगामागें सरकार, न्यायालयें, प्रयोगशाळा आणि कायद्याचीं पुस्तकें यांचा केवढा पसारा उभा असतो, हें त्या निमित्तानें आमच्या ध्यानांत आलें, म्हणून तो येथें सांगावयाचें योजिलें आहे.

आमची आई डोंबिवलीस धाकट्या भावाकडे राहते आणि आम्ही ठाण्यास राहतों. तिचें वय ऐंशीच्या पुढें आहे. शिक्षण मराठी सातवीपर्यंत. रक्तदाबाची गोळी गेलीं बारा वर्षें चालू आहे. महिन्याचीं औषधें नेऊन देण्याचें काम आमच्याकडे असल्यामुळें दर महिन्याच्या एखाद्या रविवारीं कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर अशीं स्टेशनें मोजीत आम्ही डोंबिवलीस जातों. २०२५ च्या पावसाळ्याच्या आरंभीं तिला चक्कर येऊं लागली. डोकें जड होई, सकाळीं उठतांना भिंतीचा आधार घ्यावा लागे, आणि रक्तदाब मोजून पाहावा तों तो बराच चढलेला आढळे. डॉक्टरांनीं मीठ कमी करावयास सांगितलें. झालें! आम्हांला अपराधी सांपडला. फडताळांत त्या वर्षीं घातलेल्या कैरीच्या लोणच्याची बरणी होती. “आई, तूं ऐकत नाहींस, म्हणून हें होतें,” असें आम्हीं नातवंडांच्या देखत तिला सुनावलें. ती एवढेंच म्हणाली, “अरे, मी फोड जिभेला लावलेली नाहीं.” आम्हीं तिच्यावर विश्वास ठेवला नाहीं. बरणी उचलून कल्याणास बहिणीकडे पोंचती केली. पुढें गोळ्यांचें नवें पाकीट सुरू झालें, त्याच सुमारास डॉक्टरांनीं आणखी एक गोळी वाढविलीही, आणि चक्कर थांबली. श्रेय अर्थातच आम्हीं लोणच्याच्या हद्दपारीला दिलें.

त्यानंतर ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा जिल्ह्यांतून बातम्या येऊं लागल्या. खोकल्याचें औषध घेतलेल्या लहान मुलांची लघवी बंद होत होती, मूत्रपिंडें निकामी होत होतीं, आणि त्यांतील कित्येकांना उपचारासाठीं नागपुरास आणलें जात होतें. वीसांहून अधिक मुलें दगावलीं. तामिळनाडूंतील कांचीपुरम् जिल्ह्यांत तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ नांवाच्या त्या औषधाच्या एका बॅचमध्यें डायएथिलीन ग्लायकॉल हें विष शेंकडा ४८.६ इतकें असल्याचें तेथील सरकारी प्रयोगशाळेला आढळलें. जें एक-दशांश टक्क्याच्या वर असूं नये, तें जवळजवळ निम्मी बाटली व्यापून बसलें होतें. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेंही ती बॅच कोणाजवळ असल्यास वापरूं नये, असें जाहीर केलें.

आमची भाची कल्याणास औषधनिर्माणशास्त्र शिकते. तिचा त्याच रात्रीं फोन आला. “मामा, आजीकडे खोकल्याचें औषध आहे ना? कोणतें आहे? बॅच नंबर काय?” आम्ही निरुत्तर झालों, कारण औषध आम्हींच नेऊन दिलें होतें, आणि त्याचें नांवसुद्धां आम्हांला आठवत नव्हतें. दुसऱ्या दिवशीं कॉलेज आटोपून आम्ही डोंबिवली गाठली. भाचीही आली. बाटली दुसऱ्याच कंपनीची निघाली आणि सर्वांचा जीव भांड्यांत पडला. परंतु नव्या विद्येचा उत्साह असा असतो कीं, एक बाटली निर्दोष ठरल्यानें त्याची तृप्ति होत नाहीं. भाचीनें घरांतील सगळीं औषधें पाहावयास मागितलीं. तेव्हां आईनें कपाटांतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून तिच्यापुढें ठेवला. त्यांत संपलेल्या गोळ्यांचीं रिकामीं पाकिटें ओळीनें रचून ठेवलेलीं होतीं. “हें काय ग आजी?” असें तिनें विचारतां आई म्हणाली, “दुकानदाराला हेंच दाखवायचें. तोंडी नांव सांगून चूक होते. आणि हें इंग्रजी मला वाचतां येत नाहीं. ज्याला येतें त्यानें वाचावें.” हा टोमणा कोणास उद्देशून होता हें आम्हांला कळलें, पण त्याची खरी धार पुढें दोन महिन्यांनीं लागावयाची होती.

देशांतील औषधनियंत्रणाची मध्यवर्ती संस्था दर महिन्याला एक यादी प्रसिद्ध करते. तपासणींत ज्या औषधांचे नमुने ठरलेल्या प्रतीचे नाहींत असें आढळून आलें, त्यांचीं नांवें, बॅच नंबर, तयार केल्याचा महिना, करणाराचें नांव आणि नापास होण्याचें कारण तींत दिलेलें असतें. भाचीनें आजीच्या डब्यांतील सारे नंबर वहींत उतरून घेतले होते. डिसेंबरांत एके दिवशीं ती ठाण्यास आमच्या घरीं आली आणि कांहीं न बोलतां तिनें वही व यादी आमच्यापुढें शेजारीं शेजारीं ठेवली. जूनमध्यें आईनें जें पाकीट संपविलें, त्याचा नंबर यादींत होता. कारणाच्या रकान्यांत लिहिलें होतें, ‘विरघळण्याची चांचणी’.

त्याचा अर्थ तिनें आम्हांला समजावून दिला. गोळींत औषध पुरेसें असणें वेगळें आणि तें ठराविक वेळांत गोळींतून सुटून बाहेर येणें वेगळें. प्रयोगशाळेंत पोटासारख्या उबदार द्रवांत गोळी फिरवीत ठेवतात, आणि नेमलेल्या मिनिटांत औषधाचा नेमलेला हिस्सा द्रवांत उतरला कीं नाहीं, तें मोजतात. तो उतरला नाहीं, तर गोळी दिसावयास चांगली, चवीला तीच, वजनाला तीच. पण देहांत तिचें काम अपुरें होतें. “मामा, हें विष नव्हे,” ती म्हणाली, “पण औषध पुरतें औषधही नव्हे.” आईची चक्कर त्या गोळीमुळेंच आली, असें म्हणण्यास आम्हांजवळ पुरावा नाहीं. वय आहे, हवा आहे, शंभर कारणें आहेत. परंतु ती चक्कर लोणच्यामुळें आली असें म्हणण्यासही तितकाच पुरावा नव्हता, आणि तें आम्हीं चार माणसांत ठामपणें म्हटलें होतें. जी बाई खरें बोलत होती तिच्यावर आम्हीं संशय घेतला, आणि जिच्यावर संशय घ्यावयाचा त्या गोळीवर डोळे मिटून विश्वास ठेवला!

दुकानदाराकडे जाऊन आम्हीं थोड्या घुश्शांतच विचारणा केली. तो मनुष्य सभ्य आहे. त्यानें संगणकांत पाहून सांगितलें, “सर, तो माल परत मागवला होता. आमच्याकडे उरलेलीं पाकिटें आम्हीं लगेच परत पाठवलीं.” “आणि विकलेलीं?” “तीं कोणाला विकलीं हें कसें कळणार? तुमचें बिल आहे का?” आम्ही गप्प झालों. औषधाच्या बिलावर बॅच नंबर घालून तें गिऱ्हाइकाला द्यावें, असा कायद्याचा दंडक आहे. परंतु तें बिल दुकानदार छापावयास लागे तेव्हां “राहूं द्या हो, गाडी चुकेल” असें म्हणणारे आम्हीच होतों. त्याच्या वहींत आमचें नांव नव्हतें. औषध परत मागविणारी दोरी कारखान्यापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत आणि तेथून दुकानाच्या फळीपर्यंत बरोबर आली होती; फळीच्या पलीकडे ती आमच्या हातांत असावयाची, आणि ती आम्हींच तोडून टाकली होती.

तेव्हांपासून आमच्या मनांत हा विषय घोळतो आहे. सरकारनें अन्नाचें व औषधांचें नियमन करावें, असें आपण सहज म्हणतों. पण नियमन म्हणजे नेमकें काय? आम्हांला असें वाटतें कीं, तो एक पद्धतशीर संशय आहे. बाजारांत वावरणारा सामान्य मनुष्य प्रत्येक वस्तूवर संशय घेऊं लागला तर त्याला जगतां येणार नाहीं. दूधवाल्याच्या चरवींत त्याला दुग्धमापक बुडवितां येईल फार तर. पण गोळी विरघळते कीं नाहीं हें तो कशानें पाहणार? म्हणून आपल्या वतीनें संशय घेण्याचें काम समाजानें कोणाकडे तरी सोंपविलेलें असतें. ही कल्पना नवी नव्हे. धान्य, तेल, क्षार, मीठ, सुगंधी द्रव्यें व औषधी पदार्थ यांत तशाच दिसणाऱ्या हलक्या वस्तु मिसळणाऱ्यास बारा पण दंड करावा, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगून ठेविलें आहे. मात्र कौटिल्याच्या काळीं विकणारा डोळ्यांसमोर असे. आज आईच्या गोळींतील मूळ द्रव्य एका प्रांतांत, गोळी दुसऱ्यांत, वेष्टन तिसऱ्यांत आणि विक्री डोंबिवलीस, असा प्रकार आहे. अशा लांब साखळींत प्रत्येक कडी आधींच्या कडीवर विश्वास ठेवूं लागली, म्हणजे अनर्थ होतो.

डायएथिलीन ग्लायकॉलची कथा हीच आहे. हा द्रव गोडसर असतो, रंगरूपानें ग्लिसरीनसारखा दिसतो, कारखान्यांत नाना कामीं लागतो आणि स्वस्त असतो. १९३७ सालीं अमेरिकेंतील एका कंपनीनें सल्फॅनिलामाइड हें औषध त्यांत विरघळवून, रासबेरीची चव घालून बाजारांत आणलें. चव पाहिली, रंग पाहिला, सुवास पाहिला. विष आहे कीं काय एवढें पाहिलें नाहीं, आणि तें पाहिलेंच पाहिजे असा त्या वेळचा कायदाही नव्हता. शंभराहून अधिक माणसें मेलीं, त्यांत पुष्कळ लहान मुलें होतीं. आम्हां शब्दांच्या व्यापाऱ्यांना विचार करावयास लावील अशी गोष्ट पुढेंच आहे. त्या औषधाला ‘एलिक्झर’ असें नांव दिलें होतें. एलिक्झर म्हणजे ज्यांत मद्यार्क आहे असें औषध. आणि ह्यांत तर मद्यार्क नव्हता. तेव्हां नांव खोटें, एवढ्याच आधारावर सरकारला तो माल जप्त करतां आला. शंभर माणसें मारल्याबद्दल कलम नव्हतें, शब्द चुकल्याबद्दल होतें! सरकारी निरीक्षक गांवोगांव फिरले, दुकानांतील पावत्या व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या चाळून त्यांनीं बाटल्या हुडकून काढल्या, आणि तयार झालेल्या २४० गॅलनांपैकीं सुमारें २३४ गॅलन परत मिळविले. पावत्या होत्या म्हणून कित्येक जीव वांचले. दुसऱ्याच वर्षीं, १९३८ त, नवें औषध विकण्यापूर्वीं तें निर्धोक असल्याचें दाखविण्याची सक्ती करणारा कायदा तेथें झाला.

आमच्याकडे हेंच विष १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारींत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत शिरलें. आम्ही त्या वेळीं शाळेंत होतों; वर्तमानपत्रांतील ‘ग्लिसरीन’ हा शब्द वाचून घरांतल्या मोठ्या माणसांनीं स्नानगृहांतली ग्लिसरीनची बाटलीसुद्धां फेंकून दिल्याचें आम्हांला आठवतें. मेंदूंतील किंवा डोळ्यांतील दाब उतरावा म्हणून रुग्णांना ग्लिसरीन पाजीत असत. कारखान्याच्या उपयोगाचा, विषारी द्रव मिसळलेला माल औषध म्हणून रुग्णालयापर्यंत पोंचला, आणि चौदा रुग्ण प्राणांस मुकले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशी आयोगानें १९८७ सालीं अहवाल दिला. त्यांत केवळ मिसळ करणाराच नव्हे, तर माल घेणारे, न तपासतां पुढें धाडणारे, आणि ज्यांनीं तपासावयाचें तें अन्न व औषध प्रशासन, इतकेंच काय पण त्याच्यावर दडपण आणणारे सत्ताधारी, या सर्वांचें वर्तन उघड्यावर मांडलें गेलें. राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना पद सोडावें लागलें. त्यानंतर १९९८ त गुडगांवास, २०२० च्या आगेमागें जम्मूंतील रामनगरास, २०२२ त भारतांतून गेलेल्या औषधांसंबंधानें गांबियांत, आणि २०२५ त छिंदवाड्यास पुन्हां तेंच विष आणि पुन्हां मुख्यतः लहान मुलें! विष नवें नाहीं, तें ओळखण्याची रीत नवी नाहीं, मनाई नवी नाहीं. प्रत्येक वेळीं उणीव एकच: पिंपावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पिंप न तपासतां पुढें ढकलला गेला.

कायदा नाहीं म्हणून हें होतें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. क्विनीनसारख्या औषधांत भेसळ होते अशी ओरड झाल्यावर १९३० सालीं सर रामनाथ चोपडा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १९४० चा औषधांचा कायदा निघाला. तोच, पुष्कळ दुरुस्त्यांनिशीं, अजून चालू आहे. औषधनिरीक्षक नमुना कसा घेतो, हें त्यांत वाचण्यासारखें आहे. तो नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करतो. एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयासाठीं आणि एक करणाऱ्यासाठीं. संशय घ्यावयाचा, पण ज्याच्यावर घेतला त्याच्याही हातीं स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा ठेवावयाचा, ही त्यांतील न्यायबुद्धि आम्हांला फार आवडली. आमच्या ठाण्यांत वागळे इस्टेटींत या प्रशासनाची कचेरी आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील औषधांचीं दुकानें, खानावळी, डेअऱ्या, मिठाईवाले आणि कारखाने यांच्या मानानें निरीक्षक किती थोडे, हें कोणाही नागरिकाला बाजारांतून एक फेरी मारतां कळेल. म्हणून शंभरांतला एखादा नमुना उचलला जातो, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत उरलेलीं पाकिटें कोणाच्या तरी आईच्या डब्यांत रिकामीं होऊन पडतात.

उशीर हा दुधारी असतो, याचेंही उदाहरण आमच्या शेजारींच घडलें. ठाण्याच्या अलीकडचें स्टेशन मुलुंड. तेथील जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीच्या कारखान्यांत होणाऱ्या लहान मुलांच्या पावडरीचे नमुने प्रशासनानें २०१८ च्या अखेरीस पुण्यास व नाशकास घेतले. त्यांचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचें मान, ठरलेल्या मर्यादेबाहेर आढळला. पण परवाना रद्द करण्याचा हुकूम निघाला २०२२ च्या सप्टेंबरांत. पावडर जर अपायकारक होती, तर जवळजवळ चार वर्षें बाळांच्या अंगाला ती लागूं कां दिली? आणि नव्हती, तर चार वर्षांनीं तिचें उत्पादन बंद कां केलें? मुंबई उच्च न्यायालयानें ताजे नमुने तपासून घेतले, ते प्रमाणांत असल्याचें दिसलें, आणि २०२३ च्या जानेवारींत मुंगी मारावयास हातोडा वापरूं नये, अशा अर्थाचे शब्द वापरून तो हुकूम रद्द केला. संशय घेणारानें तो वेळेवर घेतला पाहिजे आणि बेतानें घेतला पाहिजे. नाहींतर ग्राहकाचा आणि धंदेवाल्याचा, दोघांचाही त्याच्यावरचा विश्वास उडतो.

अन्नाच्या बाबतींत गोष्ट निराळी नाहीं. १९५४ चा भेसळ-प्रतिबंधक कायदा जाऊन त्याच्या जागीं २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला. तो २०११ च्या ५ ऑगस्टपासून अमलांत आहे. वडापावच्या गाडीपासून बिस्किटांच्या कारखान्यापर्यंत सर्वांना नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि चौदा आंकड्यांचा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो. विश्लेषकानें चौदा दिवसांत अहवाल द्यावा, असें त्यांत सांगितलें आहे. मुंबईच्या वेशीवरील नाक्यांवर रात्रीं-पहांटे दुधाच्या गाड्या अधूनमधून थांबवून जागच्या जागीं तपासणी होते. दिवाळी जवळ आली कीं खव्यावर धाडी पडतात. याच कायद्यान्वयें महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, आणि ती एकेक वर्षाची असल्यामुळें पुन्हां पुन्हां नव्यानें काढावी लागते. कल्याण स्टेशनाबाहेरच्या भिंती व जिने पाहिले, म्हणजे बंदीचा कागद एक आणि बंदी दुसरी, हें वेगळें सांगावयास नको.

राहतां राहिलीं उपकरणें. ज्या यंत्रानें आम्हीं आईचा रक्तदाब मोजला आणि तिच्यावर आरोपपत्र ठेवलें, तें यंत्र तरी खरें बोलत होतें काय? ही शंका उशिरां आली, पण आली. थोडकीं उपकरणें सोडलीं, तर आपल्याकडे बाकीच्यांवर पुष्कळ काळ नियंत्रणच नव्हतें. खुब्याच्या सांध्यासाठीं वापरला जाणारा एका परदेशी कंपनीचा ‘एएसआर’ नांवाचा धातूचा भाग दोषी ठरून २०१० च्या ऑगस्टांत जगभर परत मागविला गेला. पण गोळीचें पाकीट परत पाठवितां येतें, माणसाच्या मांडींत बसविलेला सांधा कसा परत पाठवावयाचा? आपल्याकडील ज्या रुग्णांना तो बसविला होता, त्यांच्या भरपाईचें प्रमाण ठरावयास २०१८ साल उजाडलें. दरम्यान २०१७ चे स्वतंत्र नियम झाले. धोक्याच्या मानानें उपकरणांचे चार वर्ग पाडण्यांत आले, आणि २०२० च्या १ एप्रिलपासून थर्मामीटरपासून हृदयाच्या झडपेपर्यंत सर्व उपकरणें औषधांच्या कायद्याखालीं आणण्यांत आलीं. आईच्या यंत्राचें आम्हीं डॉक्टरांच्या यंत्राशीं ताडून पाहिलें. तें खरें बोलत होतें. खोटे ठरलों ते आम्हीच.

हें सर्व मनांत घेऊन आम्ही जानेवारींत डोंबिवलीस गेलों. क्षमा मागण्याची आमच्या घरांत फारशी चाल नाहीं. म्हणून आम्हीं गोळीची, यादीची, विरघळण्याच्या चांचणीची सारी हकीकत एखाद्या व्याख्यानासारखी सांगितली. आईनें ती शांतपणें ऐकून घेतली. शेवटीं आम्ही म्हणालों, “तेव्हां आई, तें लोणच्यामुळें नसेलही.” ती म्हणाली, “तें मी तेव्हांच सांगितलें होतें. तूं मास्तर, तुझ्यासमोर कोण बोलणार?” आणि मग थोड्या वेळानें, “बरणी ताईकडे आहे ना अजून? कीं संपवली त्यांनीं?” बरणी संपली होती. तें सांगण्याचें काम आम्हीं भाचीवर सोंपविलें.

आतां आमची रीत बदलली आहे. दुकानांत बिल घेतल्याशिवाय आम्ही पायरी उतरत नाहीं, मग एक गाडी चुकली तरी चालेल. तीनशें खपाच्या औषधांच्या वेष्टनांवर २०२३ च्या ऑगस्टपासून सांकेतिक चौकट छापणें सक्तीचें झालें आहे. ती असली तर भाचीनें शिकविल्याप्रमाणें मोबाइलनें वाचून पाहतों. डोंबिवलीस पोंचल्यावर आई चष्मा लावून समोर बसते. आम्ही पाकीट दिव्याशीं तिरपें धरून त्याच्या कडेवर ठोकलेले फिकट आंकडे मोठ्यानें वाचतों, आणि ती तिच्या वळणदार मराठी अक्षरांत ते वहींत उतरून घेते. एखादा आंकडा आम्हीं घाईनें वाचला, तर ती लेखणी थांबवून म्हणते, “पुन्हां वाच.” आम्ही पुन्हां वाचतों.